टाकी रिकामी करायची नाही, थोडीच सोडायची आहे: केमिकल प्लांटमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण, पिसुर्ले इथल्या कारखान्यांत नवी भरती झाली की त्यात मराठी मुलंमुली बरीच असतात. कुणी सावंतवाडी-दोडामार्गकडून रोज बसने येतं, कुणी कोल्हापूर-बेळगावहून येऊन खोली घेऊन राहतं, तर कुणी डिचोली-पेडण्याचं घरचंच असतं. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, नाहीतर आयटीआयचा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा) ट्रेड. या सगळ्यांना पहिल्या काही आठवड्यांत जे काम हमखास मिळतं आणि जे कुणी नीट बसून शिकवत नाही, त्याबद्दल हा लेख आहे. ते काम म्हणजे भांड्यातला द्रव अर्धवट सोडणं. खालचा थर तेवढा काढायचा, वरचं निवळ तेवढं घ्यायचं, किंवा अमुक पातळीपर्यंत उतरवून बाकीचं आत ठेवायचं.

टाकी पूर्ण रिकामी करणं त्यामानाने सोपं, कारण हवा येऊ लागली की काम संपलं हे कळतं. अर्धवट सोडताना कुठे थांबायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. कॉलेजात सेपरेटिंग फनेल हातात धरून आपण रेघ बघत कॉक बंद करायचो. इथे तोच फनेल २,००० लिटरचा, काचेचं अस्तर असलेला आणि बाहेरून निळ्या रंगाचा लोखंडी रिअ‍ॅक्टर आहे. बघायला मिळते ती फक्त तळाशी असलेली वीतभर साइट ग्लास, म्हणजे आतला द्रव दिसणारी काच.

तुमच्या प्लांटची एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरलेली पद्धत, या लेखाहून मोठी. दोन्हींत फरक दिसला तर एसओपी पाळा आणि केमिस्टला विचारा.

१. आधी ठरवा: काय ठेवायचं आणि काय सोडायचं

ऐकायला बाळबोध वाटेल, पण शिफ्टमध्ये निरोप मिळतो तो फक्त "खालचा लेयर सोड" एवढाच. तो कुठे सोडायचा? ड्रममध्ये, दुसऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये की ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) लाइनला? माल खालच्या थरात आहे की वरच्या? बीएमआर (बॅचची पायरीवार नोंदवही) उघडून ती ओळ स्वतः वाचल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका.

मालाच्या बाबतीत एक जुना नियम सगळे रसायनवाले सांगतात: माल नेमका कुठल्या थरात आहे हे क्यूसीच्या (तपासणी प्रयोगशाळेच्या) रिपोर्टवर दिसेपर्यंत एकही थर टाकून द्यायचा नाही. ड्रममध्ये ठेवलेला थर परत चार्ज करता (भांड्यात टाकता) येतो. ईटीपीत गेलेला परत मिळत नाही, आणि वर ईटीपीचे बॅक्टेरिया मरतात ते वेगळंच.

कधी सोडण्याची वस्तू हाच कचरा असतो आणि वेळ हाच निकष. याचं गोव्यातलं जुनं उदाहरण मिठागरात आहे. आगरवाडो किंवा रायबंदरच्या आगरांत खाडीचं पाणी उन्हाने आटत जातं. बोमे हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या तरंगत्या नळीवर) ते साधारण २५ अंशांना, म्हणजे घनता १.२१ च्या आसपास पोचलं की मीठ बसू लागतं. पण ते पूर्ण आटवत नाहीत. २९-३० अंशांच्या सुमारास उरलेलं कडू पाणी सोडून देतात. तसंच आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात, मीठ कडसर होतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. लवकर सोडलं तर मीठ पाण्याबरोबर जातं, उशिरा सोडलं तर मीठ बिघडतं. प्लांटमध्ये क्रिस्टल बसल्यावर मदर लिकर (क्रिस्टलवर उरलेलं द्रावण) काढताना हाच हिशेब असतो. मिठागरवाला तो अनुभवाने करतो, आपण तापमान आणि सॅम्पल बघून करतो.

२. कागद आणि सामान

सुरू करण्यापूर्वी हे जवळ असू द्या:

- त्या बॅचचा बीएमआर आणि त्या भांड्याची एसओपी.
- आतल्या प्रत्येक द्रवाची एमएसडीएस, म्हणजे सुरक्षा-माहितीपत्रक. निदान उत्कलनबिंदू, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते) आणि हातमोज्यांचा रकाना वाचून ठेवा.
- भांड्याचा कॅलिब्रेशन चार्ट, म्हणजे कोणत्या पातळीला किती लिटर याचा तक्ता.
- लाइन उघडायची किंवा फ्लँज सोडायचा असेल तर वर्क परमिट.
- फ्लेमप्रूफ टॉर्च. मोबाइलचा टॉर्च सॉल्व्हंटच्या भागात चालत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.
- अर्थिंगचा क्लॅम्प आणि बाँडिंगची वायर.
- सॅम्पलची बाटली, दोन-तीन परीक्षानळ्या, पीएच पेपर आणि जमल्यास हाती धरायचा कंडक्टिव्हिटी मीटर.
- रिकामा, धुतलेला, लेबल लावलेला एक जादा ड्रम. तो कशासाठी ते आठव्या पायरीत सांगतो.

हातमोज्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. स्टोअरमधून मिळणारे निळे नायट्राइलचे मोजे टिकाऊ वाटतात, पण डीसीएम, म्हणजे मिथिलीन क्लोराइड, त्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजे डीसीएमला उत्तम, मात्र पाण्याने ते विरघळू लागतात, आणि आपल्या कामात पाण्याचा थर तर असतोच. म्हणून अशा ठिकाणी बहुपदरी लॅमिनेटचे मोजे मागा. डीसीएमच्या वाफेसाठी साधं काडतूसवालं मास्कही लवकर निकामी होतं, त्याबद्दल सेफ्टीवाल्यांशी आधीच बोलून घ्या.

३. भांडं ओळखा

उभ्या गोल भांड्याचा हिशेब सोपा. व्यास दीड मीटर असेल तर पातळी १० सेंटिमीटर उतरली की सुमारे १७७ लिटर गेले. पण हे सरळ भिंतीच्या भागापुरतंच खरं. तळ बशीसारखा गोलाकार असतो, तिथे आल्यावर दर सेंटिमीटरला जाणारे लिटर झपाट्याने कमी होतात. त्या भागात पट्टी आणि डोकं न चालवता चार्ट बघा.

आडव्या टाकीत तर नवा माणूस हमखास फसतो. पातळी व्यासाच्या एक चतुर्थांश दिसली की टाकीत पाव माल उरलाय असं वाटतं. प्रत्यक्षात वीस टक्क्यांहूनही किंचित कमी असतो.

वेळेचा अंदाजही असाच फसवतो. उघड्या, उभ्या टाकीतून द्रव आपल्या वजनाने खाली जातो तेव्हा पातळी जसजशी उतरते तसतसा वेग कमी होतो. पातळीच्या वर्गमुळाशी तो बांधलेला आहे. त्यामुळे पूर्ण टाकी उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या पहिल्या अर्ध्या वेळात तीन चतुर्थांश द्रव निघून जातो आणि उरलेला पाव उतरायला तितकाच वेळ पुन्हा लागतो. "पाऊण झाली की, आता दहा मिनिटांत संपेल" असं शिफ्ट इन्चार्जला सांगून चहाला जाऊ नका. उलट निम्म्यापर्यंतच उतरवायचं असेल तर ते तुमच्या अंदाजापेक्षा लवकर होतं. पूर्ण रिकामं व्हायला तास लागत असेल, तर निम्मी पातळी सतरा-अठरा मिनिटांतच येते.

पातळी ठरलेलीच असेल आणि काम रोजचं असेल, तर सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे त्या उंचीवर नोझल किंवा डिप पाइप बसवलेला असणं. पाइपाचं तोंड उघडं पडलं की प्रवाह आपोआप थांबतो. तुमच्या प्लांटमध्ये तशी सोय असूनही लोक सवयीने बॉटम व्हॉल्व्हनेच सोडत असतील, तर का ते विचारा. कधी कधी उत्तर "पहिल्यापासून असंच" एवढंच असतं.

पंपाने काढत असाल तर पातळी तोंडाजवळ येताना पाण्यात भोवरा होतो आणि पंप हवा ओढतो. आवाज खडखडाटी झाला की वेग कमी करा, नाहीतर पंप बंद करा.

४. कोणता थर वर, कोणता खाली

पाण्याची घनता १ धरली तर रोजच्या सॉल्व्हंटचे आकडे असे: हेक्झेन ०.६६, एमटीबीई ०.७४, टॉल्युइन ०.८७, इथाइल अ‍ॅसिटेट ०.९०. हे सगळे पाण्यावर तरंगतात. क्लोरोबेन्झिन १.११, डीसीएम १.३३, क्लोरोफॉर्म १.४९. हे तळाशी बसतात.

हे पाठ करून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात, कारण रिअ‍ॅक्टरमध्ये नुसतं पाणी क्वचितच असतं. मिठाचं संपृक्त द्रावण १.२ पर्यंत जड असतं. क्लोरोबेन्झिनच्या बॅचला अशा ब्राइनने वॉश दिलात, म्हणजे ती धुतलीत, की थर उलटतात आणि क्लोरोबेन्झिन वर येतं. पोटॅशियम कार्बोनेटचं ५० टक्के द्रावण तर दीडच्याही पुढे जातं, त्याच्यावर डीसीएमसुद्धा तरंगतं. दुसरीकडे टॉल्युइनमध्ये माल भरपूर विरघळलेला असेल तर त्याची घनता वाढून पाण्याच्या जवळ येते. मग थर सुटायलाच तयार होत नाहीत.

त्यामुळे दर वेळी पडताळा घ्यायचा. तळातून थोडं सॅम्पल परीक्षानळीत घ्या, त्यात थोडं पाणी टाका. मिसळून एकच झालं तर तो पाण्याचा थर. वेगळी रेघ दिसली तर सॉल्व्हंटचा. मिनिटभराचं काम आहे, पण ते टाळल्यामुळे अख्खी बॅच चुकीच्या ड्रममध्ये गेल्याच्या गोष्टी प्रत्येक कारखान्यात ऐकायला मिळतात.

५. निवळू द्या

अ‍ॅजिटेटर (ढवळणारा पंखा) बंद केला म्हणजे तो खरोखर थांबलाय ना, हे पॅनेलवरच्या दिव्यावरून नाही तर शाफ्टकडे बघून ठरवा. बीएमआरमध्ये सेटलिंगची जी वेळ लिहिली आहे ती पूर्ण द्या.

सेटलिंग सुरू करण्याआधी बॉटम नोझलमध्ये अडकलेले काही लिटर बाहेर काढून वरून परत रिअ‍ॅक्टरमध्ये टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चांगली आहे, कारण त्या खिशातला द्रव ढवळलाच गेलेला नसतो, वॉशही त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. तुमच्या एसओपीत हे नसेल तर केमिस्टला विचारून बघा.

थर सुटत नसतील आणि मधे दुधासारखं काहीतरी दिसत असेल तर ते इमल्शन. त्यावर नेहमीचे उपाय तीन. थोडं ब्राइन घालणं, किंचित गरम करणं, किंवा हायफ्लोच्या (गाळायला वापरतात त्या पावडरच्या) थरातून गाळणं. यांतलं काहीही केमिस्टने सांगितल्याशिवाय करायचं नाही. गरम करण्याबाबत खास सांगतो: टॉल्युइनची बॅच ४०-४५ अंशांना नेली तर हरकत नसते, पण डीसीएम ३९.६ अंशांनाच उकळतं. टॉल्युइनच्या बॅचवर शिकलेली सवय डीसीएमवर वापरली की मॅनहोलमधून वाफ बाहेर येते.

बायकार्बने वॉश दिला असेल तर आणखी एक सावधगिरी. आत अ‍ॅसिड असेल तर एक किलो सोडियम बायकार्बोनेटमधून पावणेतीनशे ते तीनशे लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थर सुटत नाहीत आणि तोपर्यंत व्हेंट (भांड्यात हवा जायची-यायची वाट) बंद ठेवणं म्हणजे दाब वाढवून घेणं.

६. हवा आत येऊ द्या, ठिणगी येऊ देऊ नका

द्रव बाहेर जातो तेवढ्याच आकारमानाचा वायू आत यायला हवा. व्हेंट बंद असेल तर आत निर्वात होतो. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टनांचा आहे. आतला दाब नुसता एक दशांशाने कमी झाला तरी प्रत्येक चौरस मीटरवर टनभर भार पडतो. जाड पत्र्याचा रिअ‍ॅक्टर ते सोसतो, पातळ पत्र्याची साठवण टाकी चेपते. गोव्यात याला पावसाळी कारण मिळतं. पाणी आत जाऊ नये म्हणून कुणीतरी व्हेंटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवतं आणि विसरतं. जून ते सप्टेंबर टाकी सोडण्याआधी व्हेंटपर्यंत नजर टाकाच. रंगकाम झाल्यावरही.

ज्वालाग्राही सॉल्व्हंट असेल तर हवेऐवजी नायट्रोजन द्यायचा. टॉल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस, इथाइल अ‍ॅसिटेटचा उणे ४. गोव्यात पारा तिथवर कधीच उतरत नाही, म्हणजे आपल्याकडे हे द्रव बाराही महिने पेटायला तयार असतात. पण नायट्रोजन आच्छादनापुरता द्या. थर ढकलायला दाब वाढवलात तर प्रवाह शेवटपर्यंत जोरात राहतो, पातळी उतरताना तो जो नैसर्गिकरीत्या मंदावतो ते होत नाही, आणि दोन थरांमधली रेघ साइट ग्लाससमोरून कधी गेली ते कळतही नाही.

टॉल्युइन, हेक्झेनसारखे द्रव वीज वाहून नेत नाहीत. पाइपमधून वाहताना त्यांच्यावर स्थिर विद्युतभार साठतो. रिअ‍ॅक्टर, पाइप आणि ड्रम वायरने जोडून अर्थ करा, आणि क्लॅम्प ड्रमच्या रंगावर न लावता उघड्या धातूवर लावा. नळी ड्रमच्या तळापर्यंत न्या, वरून धार पडू देऊ नका. नळीचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा असतो. हे मोजायचं कसं? ५० मिलिमीटरच्या पाइपमधून त्या वेगाने मिनिटाला साधारण ११८ लिटर जातात. म्हणजे २०० लिटरचा ड्रम पावणेदोन मिनिटांच्या आत भरत असेल तर तुम्ही फार जोरात सोडताय.

७. व्हॉल्व्हचा क्रम

ड्रेन लाइनवर एकामागोमाग दोन व्हॉल्व्ह असतील तर भांड्याजवळचा आधी आणि पूर्ण उघडा. प्रवाह कमी-जास्त करायचा तो बाहेरच्या व्हॉल्व्हने. बंद करताना आधी बाहेरचा, मग आतला.

हा क्रम उलटा झाल्यावर काय होतं ते फ्रान्समधल्या फेझँ इथे ४ जानेवारी १९६६ रोजी जगाने पाहिलं. तिथे प्रोपेनच्या गोलाकार टाकीच्या तळातून पाणी काढायचं होतं. खाली पाणी, वर द्रवरूप वायू, आणि पाणी संपताच थांबायचं, म्हणजे आपलंच काम. दोन व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडले गेले. प्रोपेनचा दाब एकदम उतरला की तो भयंकर गार होतो आणि पाण्याचा बर्फ धरतो. आधी मार्ग तुंबला, मग अचानक मोकळा झाला आणि प्रोपेनचा फवारा सुटला. वरचा, म्हणजे टाकीजवळचा, व्हॉल्व्ह बंद करता येईना. जमिनीलगत पसरलेला ढग जवळच्या रस्त्यावरच्या मोटारीपर्यंत पोचला आणि पेटला. पुढे टाकी फुटली. १८ माणसं गेली, त्यांत आग विझवायला आलेले जवानही होते. बाहेरच्या व्हॉल्व्हने प्रवाह आवरला असता तर बर्फ तिथे धरला असता आणि आतला व्हॉल्व्ह फिरवायला मोकळा राहिला असता.

बॉयलरच्या ब्लोडाउनलाही (तळातलं गढूळ पाणी सोडतानाही) हाच क्रम. जवळचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि शेवटी बंद करायचा. तो उघडा असताना जागा सोडायची नाही, नजर गेज ग्लासवर ठेवायची. अर्थात बॉयलरला हात लावायचा तो प्रमाणपत्रधारक अटेंडंटनेच. तुम्ही शेजारी उभं राहून शिका.

एक साधी गोष्ट. आपल्या शिफ्टमध्ये कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड सगळं एकाच वेळी चालू असतं. "तो खालचा बंद कर रे" असं वरच्या मजल्यावरून ओरडल्यावर कोण काय समजेल याचा नेम नाही. व्हॉल्व्हचा टॅग नंबर बोला आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्या.

बॉटम व्हॉल्व्ह उघडताना अर्धवट अडकला तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. फिटरला बोलवा. अडकलेला व्हॉल्व्ह जोराने उघडेल एकवेळ, बंद होईलच असं नाही.

८. इंटरफेस (दोन थरांमधली रेघ) पकडणं

आता मुख्य काम. सुरुवातीला मध्यम वेगाने सोडा. चार्टवरून खालचा थर किती लिटर आहे याचा अंदाज तुमच्याकडे असायला हवा. त्यातला शेवटचा दहावा भाग उरला की व्हॉल्व्ह निम्म्याहून जास्त बंद करा आणि साइट ग्लाससमोरून हलू नका.

दोन थरांच्या मधे बहुतेक वेळा चोथ्यासारखा एक पट्टा असतो. त्याला प्लांटमध्ये रॅग लेयर म्हणतात. त्यात न सुटलेलं इमल्शन आणि बारीक घन कण असतात. दीड मीटर व्यासाच्या भांड्यात तो नुसता एक सेंटिमीटर जाड असेल तरी १८ लिटरच्या आसपास भरतो. तेवढाच द्रव ५० मिलिमीटरच्या पाइपात शिरला की नऊ मीटर लांबीचा होतो. म्हणून वर भांड्यात नजरेत न भरणारा पट्टा साइट ग्लासमध्ये चांगला वेळ दिसत राहतो. घाबरायचं नाही. तुम्हाला थांबायला वेळ मिळतोय असं समजा.

काय बघायचं? थर वेगवेगळ्या रंगांचे असतील तर सोपं. दोन्ही पाण्यासारखे असतील तर टॉर्च काचेच्या मागून तिरपा धरा, वेगळ्या थराच्या नागमोडी रेघा, बारीक थेंब उजेडात चमकतात. शंका आली की नळीत सॅम्पल घ्या आणि चौथ्या पायरीतली परीक्षा पुन्हा करा. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर आणखी चांगलं, कारण क्षार असलेला पाण्याचा थर वीज नेतो आणि टॉल्युइन नेत नाही, त्यामुळे आकडा एकदम पडतो.

थांबायचं कुठे, तर रॅग सुरू होताच. आधीचा स्वच्छ थर ज्या ड्रममध्ये जातोय तो बंद करा आणि रॅग त्या जादा ठेवलेल्या ड्रममध्ये घ्या. त्याला लेबल लावा. स्वच्छ वरचा थर दिसू लागला की पुन्हा थांबा. रॅगचं काय करायचं ते केमिस्ट सांगेल. बहुधा तो निवळायला ठेवतात, किंवा पुढच्या वॉशबरोबर परत घेतात. पण तो मालात सोडायचा की ईटीपीला, हा निर्णय रात्री तीन वाजता एकट्याने घेऊ नका. घाईत "थोडंसंच तर आहे" म्हणत तो मालात मिसळला जातो, मग पाण्याचा अंश वाढतो, ड्राइंगला तासन्‌तास जातात आणि कारण कुणाला सापडत नाही.

वरचा थरही बॉटम व्हॉल्व्हनेच बाहेर घ्यायचा असेल तर आधी ती लाइन स्वच्छ करून घ्या. पाइपच्या वाकात खालच्या थराचे काही लिटर बसलेले असतात.

९. तळाशी उरलेल्याचं गणित

थर न सोडता, घन पदार्थ बसू देऊन वरचं निवळ काढायचं काम असेल तर तळाशी काही द्रव राहणारच. त्याला हील म्हणतात. नव्या माणसाला तो जास्तीत जास्त काढावासा वाटतो. मग गाळ उचलला जातो आणि मेहनत पाण्यात. हील राहू द्या, वॉशची संख्या वाढवा.

आकड्यांत बघा. हील २०० लिटर, प्रत्येक वॉशला ८०० लिटर पाणी घालून ढवळायचं, बसू द्यायचं, पुन्हा वरचे ८०० लिटर काढायचे. पहिल्या वॉशनंतर विरघळणारी अशुद्धी २० टक्के उरते, दुसऱ्यानंतर ४, तिसऱ्यानंतर ०.८ टक्के. हेच २,४०० लिटर पाणी एकाच वेळी घातलं असतं तर ७.७ टक्के उरली असती. पाणी तितकंच, फरक जवळजवळ दहापट. ईटीपीवरही बोजा वाढत नाही.

मात्र हे विरघळलेल्या अशुद्धीपुरतंच. गाळातल्या कणांच्या आत अडकलेलं यांतून निघत नाही, त्यासाठी वेगळं काम लागतं.

१०. पावसाळा आणि डाइक

सॉल्व्हंटच्या टाक्यांभोवती जी भिंत असते ती डाइक. तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि ते सोडायचं कामही नव्या मुलांकडे येतं. २०० चौरस मीटरच्या डाइकमध्ये १० सेंटिमीटर पाऊस पडला की २०,००० लिटर. गोव्याच्या पावसात हे एका दिवसातही होतं.

डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह एरवी बंद आणि कुलूपबंद असतो. आधी पृष्ठभाग बघा: तवंग, वास, इंद्रधनुष्यी चकाकी. टॉल्युइन असेल तर वर तरंगणार. पण डीसीएमची टाकी असेल तर वर काहीच दिसणार नाही, ते पाण्याखाली बसलेलं असेल. तिथे सॅम्पल तळातून घ्यायचं. स्वच्छ असेल आणि प्लांटची परवानगी असेल तरच पावसाच्या नाल्याला सोडा, नाहीतर ईटीपीला. पठारावरून सोडलेलं पाणी पायथ्याच्या गावांतल्या शेतांत आणि विहिरींत उतरतं. तक्रार झाली की प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं साळगावहून यायला फार वेळ लागत नाही.

व्हॉल्व्ह उघडून दुसरं काम करायला जायचं नाही. पाणी संपल्यावर तो उघडाच राहिला आणि त्याच रात्री टाकी गळली, तर डाइक असून नसल्यासारखा.

११. नोंद आणि हँडओव्हर

किती सोडलं याची नोंद सगळे करतात. किती उरलं याची नोंद राहून जाते. पुढची शिफ्ट रिअ‍ॅक्टर रिकामा समजून पूर्ण चार्ज टाकते आणि मॅनहोलपर्यंत फेस येतो.

लॉगबुकमध्ये सुरुवातीची पातळी, थांबवलेली पातळी, अंदाजे उरलेले लिटर, कोणता थर, रॅग कोणत्या ड्रममध्ये, कोणते व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावलेत आणि क्यूसीचा रिपोर्ट यायचा बाकी आहे का, एवढं असायलाच हवं. हेच तोंडीही सांगा, शक्यतो रिअ‍ॅक्टरसमोर उभं राहून. ड्रमची लेबलं त्याच वेळी दाखवा.

आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. जुना आकडा वाचता यायला हवा. व्हाइटनर लावलेलं पान ऑडिटवाले सगळ्यात आधी उघडतात.